आझाद हिंद लीजन : गणवेश व बोधचिन्हे

दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्करात उभारलेल्या भारतीय पलटणीचा पोशाख व तिची चिन्हे. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या ब्रिटिश हिंदी सैन्यातील युद्धकैद्यांमधून सुभाषचंद्र बोस यांच्या प्रयत्नाने ही पलटण १९४१–४२ मध्ये उभी राहिली. जर्मन दप्तरी ती ९५० वी पायदळ रेजिमेंट होती. ड्रेस्डेनजवळच्या क्योनिग्सब्रुकला तिचे प्रशिक्षण झाले. बर्लिनच्या फ्री इंडिया सेंटरमधील बोस यांचे मराठी सहकारी एन. जी. गणपुले यांनी या काळावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आहे.

गणवेश जर्मनच होता : हिवाळ्यात करडा-हिरवा लोकरी, उन्हाळ्यात खाकी. उजव्या छातीवर गरुड-स्वस्तिक, खांद्यावर जर्मन हुद्द्यांच्या पट्ट्या. भारतीयपण दिसे ते मुख्यतः दंडावर. तेथे ढालीच्या आकाराचे कापडी चिन्ह असे. त्यावर केशरी, पांढरा व हिरवा असे आडवे पट्टे, मधल्या पट्ट्यावर झेपावणारा वाघ आणि माथ्यावर पांढऱ्या पट्टीत काळ्या अक्षरांत ‘फ्रायेस इंडियन’, म्हणजे ‘स्वतंत्र भारत’, हे जर्मन शब्द. ते बहुधा उजव्या दंडावर, क्वचित डाव्या. पोलादी शिरस्त्राणाच्या डाव्या बाजूलाही तिरंगी ढाल असे. शीख सैनिकांना टोपीऐवजी गणवेशाला साजेशा रंगाची पगडी बांधण्याची मुभा होती. काँग्रेसच्या झेंड्यावरील चरख्याच्या जागी वाघ आणण्यात बोस यांची भूमिका उघड दिसते. सूत कातून नव्हे, लढून स्वातंत्र्य मिळवायचे होते.

बोस यांनी १९४२ मध्ये चार श्रेणींची पदके सुरू केली : शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद व शहीद-ए-भारत. ती व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सुवाल यांच्या कारखान्यात घडली. लढाईतील कामगिरीसाठी पदकावर तलवारी असत. जर्मनांनाही ती मिळाली.

ऑगस्ट १९४४ मध्ये पलटण वाफेन-एसएसकडे (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाकडे) वर्ग झाली, तरी अंगावरचे कपडे फारसे बदलले नाहीत. या दलासाठी योजलेल्या वाघाच्या मुखाच्या कॉलरपट्ट्या प्रत्यक्ष वापरल्याचा पुरावा तुटपुंजा आहे.

जर्मन युद्धचिन्हांच्या बाजारात नकलांचा सुळसुळाट असल्याने केवळ वाघ दिसला म्हणून एखादे बाहुचिन्ह अस्सल मानू नये.