ग्ल्यान खोलम किल्या

आयर्लंडच्या डॉनेगल काउंटीत, अटलांटिकच्या काठावर वसलेलं हे आयरिशभाषक गाव. ‘ग्ल्यान’ म्हणजे दरी. इंग्रजीने ‘ग्लेन’ घेतला तो याच कुळातून. ‘कोलम’ म्हणजे कबुतर, मूळ लॅटिन ‘कोलुंबा’. ‘किल’ म्हणजे चर्च, लॅटिन ‘केला’ म्हणजे खोली, त्यावरून आलेला. षष्ठीत त्यांची रूपं ‘खोलम’ आणि ‘किल्या’. ‘चर्चचं कबुतर’ हे ५९७ साली वारलेल्या संत कोलंबाचं नाव. ९ जूनला, त्याच्या पुण्यतिथीला, भाविक दरीतल्या १५ स्थानांची यात्रा करतात. जुना रिवाज अनवाणी चालण्याचा. कोरीव शिळांपाशी प्रार्थना होते, विहिरीपाशी दगड वाहिले जातात. परक्या धर्मभाषेचे दोन शब्द आयरिशने आपल्या व्याकरणात पुरते मुरवले. म्हणूनच हे नाव पाटीवर आयरिशमध्येच हवं, आणि २००५पासून ते तसंच आहे.