सांगाड्यावरचा क्रमांक आणि गाडीची कुळकथा

पेडणे व डिचोली हे दोन्ही महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले ते १७८० च्या दशकात. तत्पूर्वी तेथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे आपल्याकडील जुन्या घरांच्या पेटाऱ्यांत मोडी सनदा आणि पोर्तुगीज कागद एकाच बासनात सापडतात. राज्य बदलले, लिपी बदलली, कबजेदार बदलले. जमीन मात्र जागची हलली नाही. आज ती ओळखायची तर एक-चौदाच्या उताऱ्यावरील सर्व्हे क्रमांक पाहावा लागतो. सरकारी सेवेतील माझ्या वर्षांनी मला एक गोष्ट शिकविली. सांगोवांगीवर वाद होतो, क्रमांकाची मात्र पडताळणी करता येते.

दुर्मीळ मोटारींच्या इतिहासालाही हेच सूत्र लागू पडते. त्याचे एक ठळक उदाहरण मराठी राजघराण्यातलेच आहे. नीरेकाठच्या होळ गावावरून ज्यांना आडनाव मिळाले, त्या होळकरांच्या गादीवर १९२६ मध्ये दुसरे यशवंतराव आले. इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून सजवून घेतला. त्याच रसिकतेने त्यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची 'एसजे' ही गाडी मागविली. तिचा सांगाडा अमेरिकेचा. वरची दोन आसनांची, नारिंगी व काळ्या रंगाची बांधणी लंडनच्या गर्नी नटिंग यांची. १५३.५ इंची लांब सांगाड्यावर दोनच आसने, हा थाट विरळाच!

ड्यूसेनबर्गचे 'जे' हे मॉडेल १९२८ च्या अखेरीस न्यूयॉर्क येथे प्रथम दाखविण्यात आले आणि १९३७ मध्ये कंपनी बंद पडली. एवढ्या काळात सुमारे ४८० गाड्या तयार झाल्या. साध्या 'जे'ची शक्ती २६५ अश्वशक्ती, तर इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र बसविलेल्या 'एसजे'ची ३२०, असे कंपनी सांगे. होळकरांच्या गाडीचा इंजिन क्रमांक जे-५८५, तर सांगाड्याचा २६१४. इंजिनांचे क्रमांक जे-१०१ पासून सुरू झाले होते. त्या हिशेबाने ही ४८५ वी गाडी ठरावी. पण एकूण गाड्याच सुमारे ४८०! क्रमांक म्हणजे मोजदाद नव्हे, हा या शोधातला पहिला धडा. अभिनेते गॅरी कूपर यांच्या गाडीचे इंजिन जे-५६३, तर सांगाडा २५९४. दोन्ही रांगा स्वतंत्र चालत.

दुसरा धडा अधिक कठीण आहे. कारखान्यातून मूळ 'एसजे' म्हणून सुमारे ३६ गाड्याच निघाल्या असे मानतात. पण पुढे कित्येक साध्या 'जे' गाड्यांना तेच यंत्र बसविण्यात आले. इंजिने एका सांगाड्यावरून दुसऱ्यावर गेली, जुन्या बांधण्या उतरवून नव्या चढविण्यात आल्या. म्हणून अभ्यासक सांगाडा, इंजिन आणि बांधणी अशा तीन साक्षींची जुळणी करतात. साक्षी जुळल्या की गाडीचे मोल वाढते. कूपर यांची गाडी २०१८ मध्ये २ कोटी २० लाख डॉलरना विकली गेली. होळकरांची गाडी पुढे अमेरिकेतील संग्राहकांकडे गेली. इंदूरचे संस्थान विलीन झाले, राजेही गेले. पण कुठल्याही देशात ती आजही 'होळकरांची' म्हणून सिद्ध होते ती या दोन क्रमांकांच्या बळावर.

आता आपल्या अंगणात येऊ. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगीज पाट्या जाऊन 'जीडी' आली, पुढे घटकराज्याच्या काळात 'जीए'. पाटी दोनदा बदलली, सांगाडा तोच राहिला. काही वर्षांपूर्वी डिचोलीकडील एका परिचिताच्या घरची जुनी गाडी पाहण्याचा योग आला. आजोबांनी ती नवी आणली होती, ही घरची श्रद्धा. तपासणीच्या वेळी करतात तसा मी कागद ठेवून पेन्सिलीने क्रमांकाचा ठसा उतरविला. सांगाडा पुस्तकाशी जुळला, इंजिन जुळले नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाई कष्टी झाल्या. जणू आजोबांवरच कोणी संशय घेतला होता. दोन दिवसांनी त्यांनीच ट्रंकेतून इंजिन बदलल्याची पिवळी पडलेली पावती शोधून काढली. विसंगती ही लबाडी नव्हती, तो गाडीच्या आयुष्यातला एक प्रसंग होता. पावती नसती तर मात्र संशय कायमचा राहिला असता.

आज याला व्यवहारी महत्त्वही आले आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खासगी वाहनांची 'व्हीए' अक्षरांखाली वेगळी नोंदणी होते. सांगाडा, बांधणी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. फेरफार कोणता, केव्हा व किती, हे अखेर कागदच सांगणार.

म्हणून एवढीच विनंती. मांगराच्या आडोशाला गंजत पडलेली गाडी भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी तिच्या क्रमांकांचा ठसा घ्या, पावत्या जपा आणि ते सारे सनदांच्याच बासनात बांधून ठेवा. लोखंड उद्या नाहीसे होईल. तिची कुळकथा मात्र नातवंडांच्या हाती राहील.