परिचित फाईल आणि निर्दोष फाईल

जप्त संगणकाची छाननी करणाऱ्या परीक्षकापुढे पहिला प्रश्न येतो तो लक्षावधी फायलींपैकी कोणत्या वगळाव्यात, हा. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्‌स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने मूळ सॉफ्टवेअरचा संग्रह करून त्यातील फायलींच्या हॅश-मूल्यांची सूची सिद्ध केली, ती याच गरजेतून. हे मूल्य फाईलच्या आशयावर गणिती प्रक्रिया करून काढतात. त्यामुळे नाव बदलले तरी ते कायम राहते, आशय बदलताच पालटते.

रिव्हेस्ट यांची एमडी५ पद्धती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. २००४ मध्ये वांग श्याओयुन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच एमडी५ मूल्य असलेले दोन भिन्न आशय रचून दाखविले. २०१७ मध्ये एसएचए-१ चीही तीच गत झाली. यावरून जुन्या सूच्या निरर्थक ठरल्या असे मानणे मात्र युक्त नव्हे. स्वतःच रचलेल्या दोन फायलींची मूल्ये जुळविणे निराळे आणि आधी नोंदलेल्या परक्या फाईलशी जुळणारी दुसरी घडविणे निराळे. हे दुसरे कार्य व्यवहारात अद्याप साधलेले नाही.

सूचीची खरी मर्यादा अन्यत्र आहे. नोंद सापडली म्हणजे फाईल परिचित ठरते, निर्दोष नव्हे. कारण घातक ठरू शकणारी साधनेही या संग्रहात आहेत. केवळ नोंदीवरून फाईल वगळताना परीक्षकाने हा भेद विसरता कामा नये.