सव्वा महिन्याची बाज

सिंदखेडराजात 1598 साली म्हाळसाबाईंच्या पोटी जिजाऊ जन्मल्या. वडील लखुजी जाधवांच्या वाड्यातल्या जन्मस्थळी लोक माथा टेकतात. बाळंतिणीची आठवण मात्र क्वचितच काढतात.

त्याच वऱ्हाडात बाळंतिणीची बाज सव्वा महिन्याची. सुईण नाहीतर घरची म्हातारी तेलानं अंग चोळायची, शेक-धुरी द्यायची, पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा आवळायची. पाचवीला सटवाईची पूजा. मग डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. अंगानं भरलेली लेक म्हणजे माहेरची शोभा, तिथं बारीक होण्याची घाई कुणाला? कोंदट खोलीतला धूर आणि प्यायला मोजकंच पाणी हा मात्र जाचच.

कापूस वेचणाऱ्या मजूर बाईला एवढी बाज कुठली परवडायची!

1961च्या कायद्यानं नोकरदार बाईला बाळंतपणाची 12 आठवड्यांची पगारी रजा दिली, 2017मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती 26 आठवड्यांची झाली. रोजानं शेतात जाणारी त्याबाहेरच राहिली.