बोरगावचं ऊन, शिफ्टची ड्युटी आणि शांत झोप : बेडरूम कशी सजवाल?

बोरगाव (पांढुर्णा) : बेडरूमची सजावट म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गुळगुळीत फॉल्स सिलिंग, जाडजूड पडदे आणि मोठ्ठा पलंग येतो. मोबाईलवर दिसणाऱ्या या खोल्या दिसायला छान असतात, पण त्या आपल्याकडच्या मे महिन्यासाठी केलेल्या नसतात. शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. सौसर-पांढुर्ण्याचं ऊनही त्याच जातीचं. १९५६ पर्यंत नागपूर आणि छिंदवाडा एकाच राज्यात होते. पुढं राज्यं वेगळी झाली, तरी उन्हाळा अन् घरं सारखीच राहिली.

बोरगावची आणखी एक अडचण आहे. रेमंडच्या कापड कारखान्यासह इथल्या औद्योगिक क्षेत्रात अनेकांची ड्युटी शिफ्टमध्ये असते. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठ-नऊला झोपतो, म्हणजे नेमकं ऊन चढत असताना. मोठ्या माणसाला दिवसाकाठी किमान ७ तास झोप लागते. ती मिळाली नाही तर मशीनवर हात चुकतो, हायवेवर गाडी चालवताना डुलकी लागते. म्हणून आपल्याकडं बेडरूम आधी थंड आणि अंधारी हवी. देखणेपण त्यातूनच आणता येतं.

खोली थंड कशी ठेवायची?

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरतं. खोली तापलेली असली की ते उतरत नाही, आणि माणूस नुसता कूस बदलत राहतो.

- छत : वरच्या मजल्याची खोली असेल तर उन्हाळ्याआधी स्लॅबवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग मारा. टिनाच्या खोलीत खालून बांबूच्या तट्ट्या बसवा, मात्र टिन आणि तट्टी यांच्यात हवा खेळायला जागा ठेवा. थर्माकोल लावू नका, ते लवकर पेट घेतं.
- खिडकी : ऊन काचेच्या आत आल्यावर अडवण्यापेक्षा बाहेरच अडवलेलं बरं. बांबूची चिक, वाळ्याची ताटी किंवा नर्सरीत वापरतात ती हिरवी नेट बाहेरून लावा.
- पलंग : पश्चिमेची भिंत दिवसभर तापते अन् रात्री उष्णता सोडत राहते. पलंग तिला चिकटवू नका.
- कूलर : कूलर बाहेर ठेवा आणि समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी असू द्या. ओली हवा बाहेर गेली नाही तर गारवा कमी अन् चिकचिक जास्त होते. पावसाळ्यात तर कूलरचा उपयोगच होत नाही, तेव्हा पंखा बरा.

कूलरबद्दल दोन गोष्टी विसरू नका. पाणी भरताना प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घ्या, कारण कूलरचा करंट जीव घेतो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो.

अंधार आणि उजेड

उजेड डोळ्यावर पडला की झोप आणणारं मेलाटोनिन कमी तयार होतं. दिवसा झोपणाऱ्यांनी पडदे दुहेरी लावावेत : आत गडद जाड कापड, त्यावर फिक्या रंगाचा सुती पडदा. पडदा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा फूट जास्त असला तर फटीतून ऊन येत नाही. खोलीही त्यामुळं उंच-रुंद दिसते.

संध्याकाळसाठी पांढऱ्या ट्यूबऐवजी पिवळसर उजेडाचा बल्ब लावा. दुकानात ‘वॉर्म व्हाइट’ मागा. पलंगावरून हात पुरेल असं एक बटण करून घ्या, आणि मोबाईलचं चार्जर मात्र पलंगापासून दूर.

रंग, कापड आणि भिंत

भिंतींना फिका रंग द्या : मोतिया, फिका पिस्ता, आकाशी. गडद रंग आवडत असेल तर तो उशीच्या अभ्र्यात किंवा एका चादरीत आणा. आपल्याकडं कापसाची कमी नाही, म्हणून गादी पिंजून घेतलेल्या कापसाची चांगली. फोम उष्णता धरून ठेवतो. वर सुती चादर घाला. सोलापुरी चादर किंवा धार जिल्ह्यातलं बाघ प्रिंट, दोन्हीत नक्षी भरपूर असते. एक पसरली की पलंग सजला.

भिंतीवर दहा फ्रेमऐवजी एकच मोठं चित्र लावा. मध्य प्रदेशातली गोंड चित्रकला तर आपल्या शेजारचीच. आजीची गोधडी बांबूच्या काठीवर टांगली तरी भिंत भरते.

आधी सामान काढा

गव्हाची पोती, लग्नातल्या भांड्यांची पेटी, संत्र्याचे कॅरेट, कपड्यांचा ढीग. जागा दिसली की सगळं बेडरूममध्येच येतं. झोपायच्या खोलीत पलंग, आलमारी आणि एक छोटा स्टूल पुरे. रजया-ब्लँकेट पेटीच्या पलंगात ठेवा. मनी प्लांट पाण्यात लावला असेल तर ते पाणीही आठवड्याला बदला.

भाड्याची खोली असेल तर?

दहा बाय दहाच्या खोलीत तिघं राहत असतील आणि पाळ्या वेगळ्या असतील, तर मधे दोरीवर जाड पडदा टाका. एक जण झोपला असताना दुसऱ्याला लाईट लावता येते. घरमालकाची भिंतही खराब होत नाही.

पैसे कमी असतील तर क्रम असा

१. खोलीतलं फालतू सामान बाहेर
२. छताला पांढरा रंग किंवा तट्ट्या
३. खिडकीबाहेर सावली, आत जाड पडदा
४. सुती गादी-चादर
५. पिवळसर बल्ब आणि एखादं चित्र

पहिल्या कामाला एक रुपया लागत नाही. आणि घरात कोणी रात्रपाळी करून झोपलं असेल, तर पोट्ट्यांना बाहेर खेळायला पाठवा अन् टीव्हीचा आवाज कमी ठेवा. तेवढ्यानंही त्याला झोप लागेल.