तीन भाषांतली एक तार

सणावारांच्या आठवणी इथं बऱ्याच येतात, पण साखरेच्या पाकावर कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हे थोडंसं.

आमचा बिदर जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषेप्रमाणे राज्यं नव्यानं आखली गेली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात. आज्जीचं माहेर उदगीरकडचं, सासर भालकीचं. माहेरी जायचं म्हणजे आता दुसऱ्या राज्यात जायचं! कढईतला पाक मात्र दोन्हीकडं एकच राहिला.

कारण त्याचं माप कुणाच्या कागदावर नव्हतं, बोटांत होतं. पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं उघडायची. एक तार आली की मराठी घरात 'एकतारी'. शेजारच्या कानडी घरात 'ओंदेळे पाक'. एळे म्हणजे धागाच. दखनी बोलणाऱ्या घरात 'एक तार की चाशनी'. थर्मामीटर लावला तर हा पाक साधारण 105 अंशांना येतो. पाणी उडत जातं, साखर दाट होते, तसा उकळबिंदू चढतो. तिन्ही घरांनी तो धाग्यानं ओळखला.

संक्रांतीचा हलवा एकतारी पाकाचा. मंद आचेवर खसखस किंवा तीळ हलवत राहायचं आणि पाक थोडा थोडा सोडायचा. पाक दाट झाला की काटा येत नाही, गोळे होतात. पाडव्याच्या गाठीला पाक त्याहून पुढं न्यावा लागतो. दुधाचा चमचा घालून मळी काढायची, पाक आटवायचा, मग कढईच्या कडेला घोटून पांढरट आला की लाकडी साच्यात दोऱ्यावर ओतायचा. पातळ राहिला तर साच्यातून गळतो, जास्त घोटला तर कढईतच बसतो. आज्जी ओरडायची, "पाक बघायलीस का नुसतंच घोटायलीस?"

उत्तर कर्नाटकात कार्तिकातल्या गौरी हुण्णिमेला 'सक्करे आरती' करतात, तीही अशीच. ओल्या लाकडी साच्यांत साखरेची रंगीत चित्रं पाडायची आणि आरतीच्या ताटात मांडायची. गाठी आमची, आरती त्यांची असं म्हणतात खरं, पण दोन्हीचं कसब एकच हाय बघा.

आता आमच्या घरातली पोरगी बेंगळुरात बिस्किटांवर रॉयल आयसिंग करते. अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर, चूल नाहीच. तिथंही सगळा खेळ दाटपणाचा. काठाला घट्ट, आत भरायला सैल. सुरीनं रेघ ओढायची आणि ती मिटेपर्यंत आकडे मोजायचे. दहाच्या आसपास मिटली की भरायला बरं. दाट झालं तर पाण्याचा एक थेंब. हे सगळं तिला व्हिडिओत सापडलं. गाठीचा पाक कुठं घोटणं थांबवायचा, हे मात्र बघून येत नाही, हाताला कळावं लागतं. तो हात असलेली माणसं आता थोडीच उरलीत. साचे माळ्यावर असतील तर काढा, आणि घरात कुणी जाणतं असेल तर एकदा तरी शेजारी बसून घोटा.

तुमच्या घरी एकतारीच्या पुढच्या पाकांना काय काय म्हणायचे? मराठी, कानडी, दखनी, जे आठवेल ते खाली लिहा.