पंचनामा आणि विचारपूस

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली, आणि त्यानंतर दशकभरातच इंग्रजी अंमलाची दुसरी एक देणगी या मुलखाच्या पदरी पडली: १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाने, जगण्याला विटून आत्मघातास प्रवृत्त झालेला परंतु दैवयोगाने वाचलेला माणूस एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र ठरविला. फलाटाच्या टोकाशी घुटमळणाऱ्या अशा जिवाला हाताला धरून मागे आणणारा हमाल किंवा गँगमन जे करी ते निखळ भूतदयेचे कृत्य असे. मात्र पुढे जे सरकारी कागद होत, त्यांत कायद्याच्या लेखी तो वाचलेला जीव आरोपी असे.

फेब्रुवारी १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावू लागली आणि मुंबईच्या रेल्वेवर मोटरमनचा पेशा जन्मास आला. वेगात असलेली गाडी ब्रेक लावल्यावरही शेकडो मीटर पुढे जाते, त्यामुळे जे डोळ्यांना दिसते ते हातांना टाळता येत नाही, ही या पेशाची मूळ व्यथा होय. दुर्घटनेनंतर वेळ, गाडीचा क्रमांक, जागेचा तपशील यांची बिनचूक नोंद होते. ज्याने ते पाहिले त्याच्या मनाचा रकाना मात्र पंचनाम्यात नसतो. लंडनच्या एरिक्सन नावाच्या शल्यवैद्याने रेल्वे-अपघातांतून वाचलेल्यांच्या मज्जाविकारांवरील आपली व्याख्याने १८६६ मध्येच प्रसिद्ध केली होती, आणि उतारूंच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांमुळे त्या विकारांची चर्चा न्यायालयांतही झाली. परंतु आघातानंतर मनाला जडणाऱ्या व्याधीस अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत स्वतंत्र स्थान मिळण्यास १९८० साल उजाडावे लागले.

ज्यांनी ते कलम आपल्याला दिले, त्या इंग्रजांनी स्वदेशात आत्महत्येचा प्रयत्न १९६१ मध्येच गुन्ह्यांतून वगळला. त्याआधी, १९५३ साली, चॅड वारा या धर्मोपदेशकाने लंडनमध्ये निराश माणसांचे ऐकून घेणारी ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभारली होती; तिने २०१० पासून तेथील रेल्वेशी हातमिळवणी करून हजारो कर्मचाऱ्यांना शिकविले ते एवढेच, की जवळ जावे, साधा प्रश्न विचारावा, उत्तर शांतपणे ऐकावे आणि माणसाला सुरक्षित जागी न्यावे. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ३०९ वे कलम घटनाबाह्य ठरविले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला, पण १९९६ मध्ये घटनापीठाने तो फिरविला. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरले आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. १ जुलै २०२४ रोजी जुनी संहिताच गेली आणि तिच्यासवे ते कलमही.

म्हणजे हमालाच्या हाताला जे उपजत ठाऊक होते, ते कायद्याच्या पुस्तकात उतरण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. आज ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कोणालाही रात्री-अपरात्री मराठीतून मन मोकळे करता येते; त्यात फलाटावरचा तो घुटमळणारा जीव आला, तसा पाळी संपवून एकटाच घरी निघालेला मोटरमनही आला. पंचनाम्याला पंच जमवावे लागतात. विचारपुशीला एकच माणूस पुरतो.